केर

कालचीच गोष्ट आहे, म्हणून अजून डोकं तापलेलंच आहे. ठाण्याहून वाशी लोकल, चक्क खिडकी, मांडीवर चिमुकली डबी. डबीत नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा आणि त्यावर कोबाल्टचा 20 नॅनोमीटरचा थर. म्हणजे केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. थर चढवायच्या यंत्रावर माझा नंबर लागायला तीन आठवडे गेले होते. तुकडा आत सरकला तर नाही ना, हे बघायला मी ऐरोलीला डबी उघडली. ही चूक माझीच, मान्य.

शेजारी काका. सफारी, कपाळाला गंध, मनगटात काळं चुंबकी कडं.

"आरसा फुटला का रे?"

"नाही काका, कोबाल्ट आहे."

"करणार काय त्याचं?"

लोकलमध्ये या प्रश्नाला "काही नाही" म्हणायचं असतं. पण पीएचडीच्या पाचव्या वर्षी माणसाला कोणी काही विचारत नाही. आईसुद्धा फक्त "संपलं का?" म्हणते. त्यामुळे मी वाहवत गेलो. म्हटलं, एकाच प्रतलात डोलणारा प्रकाश यावर पाडायचा. थर चुंबकित असेल तर परत येताना ते प्रतल जरासं फिरतं.

"जरासं म्हणजे किती?"

"अर्धा अंशही नाही."

"अर्ध्या अंशासाठी पाच वर्षं?"

समोरचे दोघे हसले. मला ते लागलं. म्हटलं, काका, एवढ्याशा फिरण्यावरूनच लेझरने डिस्कवरची माहिती वाचली जायची. 1992 साली आलेली, गाणी भरून घ्यायची मिनिडिस्क याच तत्त्वावर चालायची.

"आता मिळते?"

"नाही."

"बघ!"

मग मी फॅरेडेवर गेलो. 1845 मध्ये त्याने चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या काचेतून प्रकाश सोडला आणि त्याचं प्रतल फिरलं. गंमत म्हणजे तोच प्रकाश आल्या वाटेने परत पाठवला तर फिरणं पुसलं जात नाही, दुप्पट होतं. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरची वाहतूक कोंडी रोज सोसणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. सकाळी जाताना पिळवटलेला माणूस संध्याकाळी परतताना सरळ होतो थोडाच?

"आणि ह्या तुझ्या तुकड्यातल्याला काय म्हणतात?"

"केर परिणाम."

इथे थांबायला हवं होतं. पण मी मास्तरकीच्या भरात पुढे बोललोच. जॉन केर, ग्लासगोचे, धर्मशास्त्र शिकलेले शिक्षक. 1877 मध्ये त्यांनी विद्युतचुंबकाचा ध्रुव घासून लख्ख केला आणि...

"केर आहे होय! मग आधी नाही का सांगायचं?"

मला कळेपर्यंत तुकडा काकांच्या चिमटीत होता. त्यांनी तोंड उघडून त्यावर "हाऽऽ" केलं, खिशातून चौकड्यांचा रुमाल काढला आणि चष्म्याची काच पुसावी तसा, गोल गोल, मन लावून, पुसला. दोनदा. मग उजेडात धरून पाहिला आणि तिसऱ्यांदा पुसला.

"काका!!"

"अरे तूच म्हणालास ना, घासून लख्ख!"

डबीत तुकडा परत ठेवताना त्यांचं कडं अगदी जवळून गेलं. त्याचं मला काही नाही. चुंबकाने उलटं केलेलं चुंबकाने पुन्हा सुलटं करता येतं. रुमालाने खरवडलेलं कशाने भरून काढू?

समोरच्या एकाच्या मांडीवर महागडा मोबाइल होता. त्याला काकांनी बोट लावलं असतं? विचारूनसुद्धा नाही. पण कोबाल्ट दिसायला भंगार, आणि माझा शर्टही तसाच, तर त्यावर सगळ्या डब्याचा हक्क. वर आमची फेलोशिप चार महिने अडकलेली. तिच्यावर मात्र कोणी "हाऽऽ" करायला तयार नाही.

रबाळे आलं. काका उठले, माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "आता बघ, प्रकाश कसा गरगर फिरतो!" आणि उतरले.

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा ठेवला. गोल गोल ओरखडे, मधोमध एका अंगठ्याचा सुबक ठसा. परतलेला प्रकाश इतका विखुरला की लेझर लावण्यात अर्थ नव्हता. नोंदवहीत "नमुना बाद" लिहिलं. पुढचा रकाना कारणाचा. बराच वेळ पेन हातात धरून बसलो आणि शेवटी "रबाळे" एवढंच लिहिलं.