बिनबापाचं बाळंतपण

"साहेब, एकच न्या. दोन नेले तर भांडणं, नाहीतर पोरं. एकटा असला की तो सुखी, तुम्ही सुखी." दुकानदाराच्या या बोलण्यावर भुलून मी सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या संसारात क्रेफिश आणला. अंग झिंग्याचं, नांग्या खेकड्याच्या आणि पाठीवर संगमरवरासारखी नक्षी.

काचेजवळ बोट नेलं की गडी दोन्ही नांग्या वर करून उभा. शड्डू ठोकायचा तेवढा बाकी. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मान्यांच्या जिल्ह्यात अशा प्राण्याचं नाव दुसरं काय ठेवणार? पैलवान! बोट आणखी पुढं नेलं की हाच पैलवान शेपूट आपटून सुसाट उलटा पळे. असेही पैलवान आमच्या गल्लीत आहेत म्हणा.

पहिल्या आठवड्यात त्यानं सगळी झाडं उपटली आणि दोन गप्पी मासे गिळले. दुसऱ्या आठवड्यात पहाटे दूध तापवायला उठलेल्या आईची किंकाळी आली, "विंचूऽऽ! वीतभर विंचू!" हवेच्या नळीवरून चढून साहेब बाहेर पडले होते. कल्ले ओले असेपर्यंत हा प्राणी पाण्याबाहेरही तग धरतो. पिठाच्या डब्यामागं सापडला तेव्हा अंगभर जळमटं होती आणि नांग्या वरच. तेव्हापासून टाकीच्या झाकणावर आमचा खलबत्ता असतो. चटणी करायची झाली की मी झाकण धरून उभा राहतो.

मग एके दिवशी बायकोचा ऑफिसात फोन, "अहो, पैलवान गेला." अर्धी रजा टाकून आलो. तळाशी तो आडवा पडला होता. चहाच्या गाळणीनं उचलला तर वजनच नाही! मिशा, पायांची नखं, डोळ्यांवरच्या काचासुद्धा शाबूत, आत मात्र नुसती पोकळी. कात टाकली होती. मूळ मालक पाइपाच्या तुकड्यात लपला होता, भिजलेल्या पोह्यासारखा मऊ. ती कात मी परत पाण्यात टाकली, कारण नवं कवच कडक व्हायला लागणारं कॅल्शियम तो त्यातूनही परत मिळवतो. त्यानं ती कुरुकुरु खाल्ली. बायको म्हणाली, "स्वतःचे कपडे स्वतः संपवतो. धुणं नाही, इस्त्री नाही. शिका काहीतरी."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई चष्मा पुसून पुसून टाकीत बघायला लागली. "अरे, तुझ्या पैलवानाला दिवस गेलेत."

शेपटीखाली काळ्या मोहरीसारखी अंडी! आणि ती, म्हणजे पैलवान, खालचे चिमुकले पाय हलवून त्यांना वारा घालत होती. मी तडक दुकानात. "येतानाच पोटात घेऊन आली असेल," म्हणाला. रात्री वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला. हा मार्बल्ड क्रेफिश. 1990च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत पहिल्यांदा लक्षात आला. गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, जात सगळी माद्यांची, नराची गरजच नाही. प्रत्येक पोर म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "कुंतीनं निदान सूर्याला तरी बोलावलं होतं."

तीनेक आठवड्यांत पिल्लं निघाली. आधी आईच्या शेपटीला लोंबकळली, मग सुटली. एकशे बारापर्यंत मोजली आणि नाद सोडला. सुटल्या सुटल्या एकमेकींचे पाय तोडायला लागल्या, म्हणून वेगळ्या ठेवायला लागल्या. लोणच्याची बरणी गेली, बर्फीचे डबे गेले. आई पालक उकडून चिमूट चिमूट वाढायची. 'बाळंतीण' म्हणून मोठीला दुप्पट.

बायको म्हणाली, "आयर्विन पुलाखाली सोडून या." तेवढं मात्र शक्य नव्हतं. मादागास्करमध्ये यांनी भातशेतीत आणि नद्यांत बस्तान बसवलंय, युरोपीय संघानं 2016 साली बंदी घातलीय. जिथं एक पुरते, तिथं शंभर सोडायच्या? कृष्णेला महापूर काय कमी आहेत? शेजारच्या काकांनी "रस्सा होतो का रे?" विचारलं, तर आईनं त्यांच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं.

शेवटी ऑफिसातल्या एका मित्राच्या गळ्यात एक बांधली. नदीत सोडणार नाही अशी त्याच्याकडून शपथ घेतली आणि वर सांगितलं, "एकटी असली की ती सुखी, तू सुखी."

सहा महिन्यांनी रात्री अकराला त्याचा फोन आला.

"मर्दा, तू एकच दिली होतीस न्हवं?"