हिरवी कनात

एप्रिलातल्या एका शनिवारी लिव्हरपूलची लोकल वऱ्हाडाची गाडी होते. बायकांच्या डोक्यावर पिसांच्या टोप्या, पुरुष कडक सुटात, आणि निम्मी मंडळी सकाळी अकरालाच 'चढलेली'. सगळे एंट्री नावाच्या स्टेशनावर उतरतात, समोरच रेसकोर्स आहे. ग्रँड नॅशनल, कुंपणांवरून उड्या मारत धावायची घोड्यांची शर्यत! आमच्या ऑफिसात आदल्या आठवड्यातच लिफाफा फिरतो. एक पौंड टाकायचा, चिठ्ठी उचलायची, जो घोडा निघेल तो तुमचा. 2023 साली मला निघाला हिल सिक्स्टीन.

मी घरी टीव्हीपुढे होतो. प्राणिहक्कवाले आंदोलक मैदानात घुसले म्हणून शर्यत जवळजवळ पाव तास उशिरा सुटली. त्या दिवशी पोलिसांनी 118 जणांना पकडलं. मग एकदाचा घोड्यांचा लोंढा सुटला, पहिलंच कुंपण आलं आणि त्या धुमाळीत काही घोडे कोसळले. समालोचकाने नावं भरभर घेतली, त्यात माझं होतं की नाही ते नीट कळलं नाही. म्हणून पुढची नऊ मिनिटं मी माझ्या जॉकीचे रंग शोधत बसलो. तीस अडथळे, सात किलोमीटरला जरासं कमी अंतर. कोरॅक रॅम्बलर जिंकला, मिठ्या झाल्या, मुलाखती झाल्या. माझा घोडा केव्हाच मेला होता, त्या पहिल्याच कुंपणापाशी.

इथे घोडा पडून उठला नाही की माणसं हिरव्या कापडाची कनात घेऊन धावतात आणि ती त्याच्याभोवती उभी धरतात. आत पशुवैद्य. कॅमेरा तोवर लांब गेलेला असतो. आकाश, गर्दी, पुढे धावणारे घोडे. ज्या पडण्यात जीव गेला ते पडणं पुन्हा दाखवायचं नाही, असा इथला शिरस्ता. नवा होतो तेव्हा मला याचं फार कौतुक वाटायचं. काय ही सभ्यता! आपल्याकडे असतं तर लाल गोल काढून, ढणढणत्या संगीतावर, 'थरारक' म्हणत संध्याकाळपर्यंत दळण दळलं असतं.

हे कौतुक मी मंचरला नानांना फोनवर ऐकवलं. नाना म्हणजे माझे चुलते, हाडाचे बैलगाडामालक. आमच्या आंबेगाव-जुन्नर-खेडच्या घाटात, म्हणजे गाड्यांच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे घोडी पळते, त्यामुळे घोड्यातलंही त्यांना कळतं.

"म्हंजे जनावर मेलं की कनात लावायची आन् शर्यत चालू ठिवायची?"

"तसं नाही नाना, नियम फार कडक आहेत इथे."

"आसतील की. पर आमच्या बैलांवर साडेसात वर्सं बंदी घातली, तवा तुझ्या त्या सायबाच्या घोड्यावर कुणी घातली रं?"

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या काळात आमच्या गावच्या ग्रुपवर इंग्लंडचा दाखला दोन्ही बाजूंनी यायचा. शौकीन म्हणायचे, तिकडे घोडे मरतात तरी चालतं. विरोधक म्हणायचे, तिकडची शिस्त बघा. आणि मी, लिव्हरपूलचा घरचा साक्षीदार, शिस्तवाल्यांच्या बाजूने उभा राहायचो.

नानांच्या त्या प्रश्नानंतर मी जुनं काढून पाहू लागलो. 2011 साली ग्रँड नॅशनल बीबीसीवर होती. पहिल्या फेरीत दोन घोडे मेले, म्हणून दुसऱ्या फेरीत ती दोन कुंपणं वगळून बाकीच्या घोड्यांना बाजूने वळवलं. वरून टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ताडपत्रीखालचे आकार स्पष्ट दिसले. लोक हादरले, तक्रारी गेल्या. पुढच्याच वर्षी पुन्हा दोन गेले आणि त्यांतला सिंक्रोनाइज्ड हा महिन्यापूर्वीच गोल्ड कप ही मोठी शर्यत जिंकलेला, म्हणजे अगदी घराघरात माहीत असलेला घोडा. त्यानंतर कुंपणांच्या आतला लाकडी गाभा काढून प्लॅस्टिकचा बसवला. 2023 नंतर घोड्यांची कमाल संख्या चाळीसवरून चौतीस झाली आणि पहिलं कुंपण सुटण्याच्या जागेच्या जवळ आणलं, म्हणजे तिथवर पोहोचेतो वेग कमी राहावा. मला यात सरळ हिशोब दिसतो. लोकांना दिसलं तेव्हा मैदान बदललं. ताडपत्री चुकून पडद्यावर आली नसती तर तो लाकडी गाभा आणखी किती वर्षं राहिला असता?

कनात मैदानावर हवीच, त्यात वाद नाही. मरणाऱ्या जनावराभोवती घोळका नको. पण तीच कनात समालोचकाच्या तोंडावरही लागते, याचा मला राग आहे. एवढे माजी जॉकी, एवढे तज्ज्ञ बसलेले असतात. पाय मोडलेल्या घोड्याला का मारतात, हे मला त्यांच्याकडून नाही, एका पशुवैद्य शेजारणीकडून कळलं. घोड्याचं वजन पाचशे किलोच्या घरात. गुडघ्याखाली मांस जवळजवळ नाहीच, नुसतं हाड, शिरा, कातडी, त्यामुळे तिथे भरून येणं अवघड. त्याला महिनोन्महिने आडवं ठेवता येत नाही, आणि तीन पायांवर उभा ठेवला तर दुसऱ्या, धड पायाचा खूर भार सोसून आतून सुटू लागतो. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. पैजेचे भाव सांगायला दिवसभर वेळ असतो.

आमचे लूपवाले चॅनल यापेक्षा बरे, असं मी म्हणत नाहीये. घाटात गाडा गर्दीत शिरला की आपल्याकडे तेच दहा सेकंद पन्नास वेळा दिसतात, जखमी माणसांचा आकडा येतो, आणि बैलाचं काय झालं? शिंग मोडलं, खुब्यातून गेला, दावणीला परतला? बातमीत कधी ऐकलंय? रात्रीच्या चर्चेत मात्र 'परंपरा की क्रूरता' यावर चार चौकटींत चार माणसं एकाच वेळी ओरडत असतात. इकडे जनावर दाखवत नाहीत, तिकडे दाखवून दाखवून ते दिसेनासं करतात. तरी इथे नियामक संस्था घोड्यांचे मृत्यू मोजते आणि जाहीर करते, हा फरक मोठा आहे आणि तो मी नानांनाही सांगितला. नाना म्हणाले, "मोजत्यात ना, मग टीव्हीवर का न्हाई सांगत?"

मला हवं ते फार नाही. पडण्याचा क्षण खुशाल पुन्हा दाखवू नका. पण जे कळलं असेल ते पुढची शर्यत सुटण्याआधी सांगा: अमुक नावाचा, अमुक वयाचा घोडा, अमुक कुंपणावर पडला, तो गेला. विजेत्याच्या मुलाखतीआधी सांगितलं तर उत्तमच. अडचण आहे हे मान्य. सगळं तिथल्या तिथे कळत नाही. 2025 मध्ये सेलेब्र दालां हा तेरा वर्षांचा घोडा शेवटच्या टप्प्यात थांबला, कोसळला, आणि तीन दिवसांनी, मंगळवारी मेला. शनिवारी शर्यत पाहणाऱ्या किती जणांपर्यंत मंगळवारची बातमी पोहोचली असेल? मग पुढच्या मोठ्या शर्यतीच्या प्रक्षेपणाची सुरुवात त्याच्या नावाने करा की. जॉकीचा सत्कार करायला वेळ काढताच ना.

2023 च्या त्या सोमवारी ऑफिसात लिफाफ्याचा हिशोब लागला. आमची एक सहकारी दरवर्षी निकालाची छापील यादी भिंतीवर लावते, प्रत्येक घोड्यापुढे ज्याला तो निघाला त्याचं नाव. जे शर्यत पूर्ण करत नाहीत त्यांच्यापुढे अक्षरं असतात: पडला तर एफ, थांबवला तर पीयू, जॉकी खाली आला तर यूआर. हिल सिक्स्टीनपुढे एफ होतं. ज्याचा घोडा पडून उठला आणि मोकळाच पुढे धावत सुटला, त्याच्यापुढेही एफच. मी तिला विचारलं, मेलेल्यासाठी वेगळं अक्षर नसतं का? ती थोडा वेळ यादीकडे बघत राहिली. नसतं, म्हणाली, आणि तिने पेन मागितलं.