पर्यावरण गटात जायचंय? आधी कारण नीट निवडा

निसर्गाची काळजी वाटते म्हणून पर्यावरण गटात जाऊ नका. असल्या कारणाने आलेली माणसं बैठकीत नको ते विचारतात. "गेल्या वर्षीची रोपं जगली का?" हा तर सगळ्यात वाईट प्रश्न.

कारण भक्कम हवं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी स्वयंसेवक का येतात याची सहा कारणं मांडली: मूल्यं, काही शिकणं, ओळखीपाळखी, करिअर, मनातली टोचणी घालवणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. फोटो राहूनच गेला. त्यांचा तरी काय दोष, तेव्हा फोनला कॅमेरा नसायचा.

मला विचाराल तर टोचणी उत्तम. कोपऱ्यापर्यंत जायलाही वर्षभर गाडी काढायची आणि एका रविवारी तासभर बाटल्या वेचायच्या. फिटला हिशेब! उरलेले ५१ रविवार मोकळे.

तारीख मात्र चुकवू नका. १९७३ पासून ५ जूनला जागतिक पर्यावरण दिन पाळतात; त्या दिवशी रोप एक आणि हात अकरा असतात. त्यातला एक तुमचा हवा. नजर कॅमेऱ्याकडे. रोपाच्या मुळाशी प्लास्टिकची पिशवी तशीच राहिली तरी चालेल, ती मातीखाली जाते, फोटोत येत नाही.

किनारा सफाईला जाणार असाल तर जरा जपून. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या मोहिमेने जगाला एक खोड लावून ठेवली आहे: कचरा नुसता उचलायचा नाही, काय किती सापडलं ते मोजून लिहायचं. या मोजणीत वर्षानुवर्षं पहिला नंबर कुणाचा, तर सिगारेटच्या थोटकांचा. आता थोटूक हातात धरून काय फोटो काढणार? तुम्ही टायर शोधा. टायर दोघांनी ओढत आणला की कष्ट लांबूनही दिसतात. मोजणीचा कागद पुढे आलाच, तर हातमोजे काढू नका. पेन धरता येत नाही, सांगायचं.

खरा धोका पुढे, उन्हाळ्यात. लावलेल्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षं पाणी लागतं, आळं करावं लागतं, तण काढावं लागतं. या कामाला ना तारीख, ना बॅनर. ते करणारी तीन-चार माणसं प्रत्येक गटात असतात. ती का येतात, हे विचारायला जाऊ नका. मी एका बाईंना विचारलं होतं. म्हणाल्या, "मैत्रीण एकटी यायला लाजत होती, म्हणून सोबत आले."

"मग त्या कुठंयत?"

"ती दुसऱ्याच आठवड्याला बंद झाली. तो डबा भरलाय, जरा इकडे आणता?"

या गोष्टीला तीन उन्हाळे झाले. डबा अजून माझ्याकडेच आहे.