काकांच्या स्क्रीनवरचं ठगांना काहीच दिसत नव्हतं

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला कराडहून काकांचा फोन आला. आवाज बसलेला. "अरे, लॅपटॉप लॉक झालाय. पोलिसांची नोटीस आलीय. कुणाला बोलू नकोस."

व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनभर अशोकस्तंभ, खाली लाल अक्षरांत 'बंदी असलेला मजकूर पाहिल्याबद्दल दंड', सहा तासांची मुदत आणि कार्डाचा नंबर टाकायची चौकट. कोपऱ्यात आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट जोडणीचा नंबर), विंडोज, ब्राउझरचं नाव. काका त्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "बघ, सगळं दिसतंय त्यांना." दुसऱ्या हातात डेबिट कार्ड.

"काका, शहर कुठलं लिहिलंय?"

"मुंबई."

"आणि तुम्ही कुठं आहात?"

तेव्हा कुठं ते जरा थांबले. आयपीवरून शहराचा नुसता अंदाज बांधता येतो, तोही बऱ्याचदा चुकतो. "एस्केप दाबून धरा." नोटीस आक्रसली, वर टॅबची पट्टी दिसली, शेजारच्या टॅबमध्ये त्यांचं पंचांग उघडं होतं. लॉक वगैरे काही नव्हतं. कुठंतरी एक क्लिक झाला आणि एका वेबपानानं पूर्ण स्क्रीन व्यापली, एवढंच. २०२१ मध्ये दिल्ली पोलिसांनी अशा खोट्या नोटिसांच्या धंद्यातल्या लोकांना पकडलं होतं, तरी माणसं अजून फसतात. कारण आपल्याला कुणी बघतंय ही भीती खरी वाटते.

म्हणून हे नीट सांगतो. वेबसाइटला तुमची स्क्रीन दिसत नाही. शेजारचा टॅब, उघडी एक्सेल, व्हॉट्सअ‍ॅप, डेस्कटॉपवरचे फोटो, काहीच नाही. एका साइटनं दुसऱ्या साइटच्या पानात डोकावायचं नाही, हा नियम ब्राउझरमध्ये १९९५ च्या नेटस्केप या जुन्या ब्राउझरपासून आहे. भाचीच्या ऑनलाइन परीक्षेत टॅब बदलला की ताकीद यायची. त्या पानाला कळायचं ते इतकंच, की ही इथून गेली. कुठं गेली ते नाही. कंपनीच्या लॅपटॉपवर ऑफिसनं टाकलेलं सॉफ्टवेअर किंवा तुम्ही स्वतः ब्राउझरला जोडलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे छोटं जोड-सॉफ्टवेअर, मात्र बरंच काही बघू शकतं. ती वेगळी गोष्ट.

आता ज्याची खरंच काळजी करावी ते. पानाच्या आत तुम्ही जे करता ते सगळं त्या पानाला दिसू शकतं. माउस कुठं रेंगाळला, किती खाली गेलात, काय टाइप केलंत. लिहून खोडलेलंसुद्धा. २०१७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांना जगातल्या आघाडीच्या ५०,००० साइट्सपैकी ४८२ वर हे सगळं नोंदवून घेणाऱ्या कंपन्यांचे कोड सापडले. २०२२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की हजारो साइट्सवर 'सबमिट' दाबायच्या आधीच ईमेल पत्ता बाहेरच्या कंपन्यांकडे जातो. आपण कर्जाच्या फॉर्मवर मोबाइल नंबर अर्धवट टाकतो, नको म्हणून पुसतो आणि सुटलो असं समजतो. मला हे फार चुकीचं वाटतं. न पाठवलेलं पत्र कुणी वाचू नये, इतकी साधी अपेक्षा आहे, आणि ती कायद्यानं पाळून घ्यायला हवी.

आणि खरी स्क्रीन दाखवायची तर ब्राउझर दरवेळी विचारतो: कुठली खिडकी दाखवू? तिथं 'हो' आपणच म्हणतो. फोनवर 'साहेबां'नी सांगितलं म्हणून आपली स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देणारं रिमोटचं अ‍ॅप टाकून नऊ आकडी कोडही आपणच वाचून दाखवतो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्क या अशाच अ‍ॅपचं नाव घेऊन सावध केलं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, लाजू नका.

काकांनी हे काकूंनाही सांगितलं नव्हतं. पासष्ट वर्षांचा, कधी कुणाचा रुपया न बुडवलेला माणूस, न केलेल्या गुन्ह्यासाठी तासभर अंधारात बसून होता. परवा कराडला गेलो, तर लॅपटॉपच्या कडेला त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली: 'एस्केप दाबून धरणे. मग पुतण्याला फोन.'