‘एडिटरवर पैसे उधळू नका’ या फॉरवर्डला उत्तर

गोव्यातल्या पेडण्याहून मावशीने व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बाय, हें वाच. आमचे पयशे उरले.’ शीर्षक होतं, ‘स्वतःचं पुस्तक स्वतः काढताय? एडिटरवर पैसे उधळू नका!’ खाली सहा कारणं. मग तोच मजकूर शिक्षकांच्या गटात आला, नंतर साहित्यप्रेमींच्या गटात, आणि तिथे चांगल्या लिहित्या माणसांनीही ‘अगदी खरं’ म्हणून त्याला दाद दिली.

मावशी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पेडणे आणि सत्तरी तालुक्यांतल्या बायकांकडून धालोची (पौषात बायका रांगेत नाचत म्हणतात ती) आणि फुगडीची गाणी तिने वर्षानुवर्षं वह्यांत उतरवून घेतली आहेत. गाणी कोकणी, मध्येच मराठी. त्यांच्याबद्दलच्या आठवणी आणि खुलासे मराठीत. पुस्तक ती पेन्शनच्या पैशातून काढते आहे. गाणी सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जणी आता हयात नाहीत. म्हणून हा फॉरवर्ड मी हसून सोडून देऊ शकत नाही. मी स्वतः पैसे घेऊन संपादनाचं आणि मुद्रितशोधनाचं, म्हणजे प्रुफं तपासण्याचं, काम करते, हेही आधीच सांगते. मावशीचं काम मात्र मी घेतलेलं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

पहिलं कारण असं: ‘ज्ञानोबा-तुकोबांना कुठे होता एडिटर? तरी त्यांचं साहित्य शतकानुशतकं टिकलं.’

सगळ्यात जास्त टाळ्या याच वाक्याला मिळाल्या, आणि सगळ्यात चुकीचंही हेच आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं ती हातांनी उतरवली जात राहिली. उतरवणाऱ्यांकडून शब्द गळाले, काही वाढले, जिथे कळलं नाही तिथे ओळखीचा शब्द बसला. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी ती शोधून शुद्ध केली आणि तसं लिहूनही ठेवलं: ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध । तो शोधूनियां एवंविध । प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी ॥’ मूळ ग्रंथात खोट नाही, पाठ बिघडलेत, ते दुरुस्त केले, एवढंच ते म्हणतात. आणि त्यापुढे बजावतात की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा.

या दोन ओव्यांत संपादकाचं सगळं काम आलं. लेखकाला जे म्हणायचं आहे ते बिघडलं असेल तर शोधायचं, नीट करायचं, आणि स्वतःचं काही घुसडायचं नाही. ज्यांच्या नावाने हा फॉरवर्ड ‘एडिटर नको’ म्हणतो, त्यांचा ग्रंथ आज आपल्या हातात आहे तो एका संपादकामुळे. तुकोबांच्या गाथेचंही तेच. १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली दोन भागांतली गाथा विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी जुन्या वह्या ताडून सिद्ध केली होती.

मावशीच्या वह्यांची अवस्था ज्ञानेश्वरीच्या त्या पोथ्यांहून वेगळी नाही. पौषात धालोच्या मांडावर, म्हणजे ठरलेल्या जागेवर, रात्री बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एक रांग म्हणते, दुसरी उचलते. एकच गाणं दोन वाड्यांवर, म्हणजे गावातल्या दोन वस्त्यांवर, वेगळं म्हटलं जातं. मावशीने ते कधी अंधारात ऐकून लिहिलं, कधी दुसऱ्या दिवशी आठवून. एके ठिकाणी एकाच ओळीचे दोन पाठ तिच्याच हस्ताक्षरात आहेत. कुठला कोणत्या वाड्यावरचा, हे तिला आज कोणी विचारलं तर ती सांगू शकते. कोणी विचारलंच नाही आणि पुस्तक छापलं, तर पुढच्या पन्नास वर्षांत प्रबंध लिहिणारी मुलं छापलेलाच पाठ खरा मानतील. हा प्रश्न समासात लिहून लेखकाला विचारणं, हेच संपादकाचं निम्मं काम असतं. ऱ्हस्वदीर्घ त्यानंतर येतात.

दुसरं कारण: ‘एडिटर तुमची शैली मारून टाकतो.’

यात अर्धं सत्य आहे, आणि मला ते मान्य करावंच लागेल. गोव्याबाहेरच्या संपादकाने ‘माटोळी’ कापून ‘मखर’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. मखरात गणपती बसतो. माटोळी म्हणजे त्याच्या वर बांधलेल्या लाकडी चौकटीला टांगलेली रानातली फळं, फुलं, वेली. ‘कुळागर’चं ‘बाग’ होतं, ‘चवथ’चा ‘गणेशोत्सव’ होतो. कुळागरात माडाखाली पोफळ, पोफळीखाली केळ, पोफळीवर चढलेली मिरवेल, आणि पाणी पाटाने फिरवलेलं. ‘बाग’ लिहिलं की हे सगळं पानावरून पुसलं जातं. असं करणाऱ्याला संपादन येत नाही, एवढंच म्हणावं लागेल.

पण एका वाईट अनुभवावरून सगळेच संपादक नाकारण्याची गरज नाही. आधी पाच-सहा पानं नमुना म्हणून करून मागा. कॉम्प्युटरवर काम करत असतील तर प्रत्येक दुरुस्ती दिसेल अशा पद्धतीने करून मागा. वर्डमध्ये ती सोय आहे. एकेक बदल पाहून ठेवायचा की काढायचा, हे लेखकच ठरवतो. गोव्याचे शब्द तसेच राहतील, फार तर शेवटी शब्दसूची येईल, हे आधीच लिहून घ्या. चांगला संपादक पहिल्या पानापासून एक तक्ता करतो: ‘म्हापसा’ की ‘म्हापसें’, ‘डिचोली’ की ‘दिवचल’, आकडे कसे लिहायचे, कोकणी ओळी कशा वेगळ्या दाखवायच्या. लेखकाचा निर्णय शेवटच्या पानापर्यंत पाळला जातो तो या तक्त्यामुळे. शैली टिकवायला याचा उपयोग होतो.

तिसरं कारण: ‘आता फोनवर सगळं फुकटात शुद्ध होतं.’

मावशीला सर्वांत जास्त पटलं ते हे, आणि नुकसानही सर्वांत जास्त याचंच होईल. शब्दतपासणी करणारं साधन एवढंच बघतं की असा शब्द आहे की नाही. ‘दर्या’ हाही शब्द आहे आणि ‘दऱ्या’ हाही. मोरजीच्या रांपणकाराने (रांपण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्या मच्छीमाराने) ‘दऱ्यात होडी घातली’ असं छापलं तर फोनला त्यात काही खटकणार नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांचंही तेच.

गोव्यातल्या पुस्तकात याहून मोठी अडचण आहे. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या चौदा शुद्धलेखन नियमांनी (१९७२ साली ते अठरा झाले) मराठीतले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. ‘कांहीं’, ‘नाहीं’ गेले. कोकणीत मात्र अनुस्वार उच्चारात जिवंत आहे आणि अर्थही ठरवतो. ‘घरां’ म्हणजे अनेक घरं. टिंब काढलं की ‘घरा’, म्हणजे घरी. मावशीच्या एकाच पानावर वर मराठी परिच्छेद आणि खाली कोकणी गाणं. वरचे जुने अनुस्वार काढायचे आणि खालचे जपायचे, हे ज्याला दोन्ही भाषा येतात असा माणूसच करू शकतो. तिने एक गाणं चॅटबॉटला ‘शुद्ध कर’ म्हणून दिलं होतं. परत आलं ते गुळगुळीत मराठी, आणि काय काय बदललं याचा कुठे उल्लेखही नव्हता. एकनाथांनी ज्याबद्दल बजावलं होतं, ती नरोटी हीच.

शिवाय संपादक अक्षरांपलीकडेही बघतो. एका कादंबरीच्या हस्तलिखितात नायक १९६५ साली बसने मांडवीच्या पुलावरून पर्वरीला जात होता. तेव्हा मांडवीवर पूल नव्हता, फेरीबोट होती. गोवामुक्तीच्या (१९६१) आदल्या वर्षी दुकानदार भारतीय रुपयांत हिशेब करत होता. पोर्तुगीज राजवटीच्या त्या शेवटच्या काळात इथे एश्कुद हे चलन चालत होतं. गोव्यातला वयस्क वाचक अशा पानावर थांबतो आणि पुढच्या पानांवरही त्याचा विश्वास बसत नाही. फोनला यातलं काहीही खटकलं नसतं, कारण वाक्यं शुद्ध होती.

चौथं: ‘डीटीपीवाला किंवा ओळखीतले मास्तर बघून देतात.’ डीटीपी करणाऱ्याला पान लावण्याचे पैसे मिळतात, वाचण्याचे नाही. उलट युनिकोडमधला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं आणि रफार मोडतात, म्हणून त्याच्या कामानंतर पुन्हा मुद्रितं वाचावी लागतात. आणि ओळखीतल्या माणसाबद्दल: मी मावशीचं काम घेतलं नाही ते याचसाठी. ‘ही आठवण दोनदा आली आहे, एक काढ’ किंवा ‘हे प्रकरण रेंगाळतं’ असं तिला सांगताना माझी जीभ अडखळेल, आणि मी बोलले तरी ती ते भाचीचं बोलणं म्हणून ऐकेल. त्रयस्थ माणूस लागतो.

पाचवं: ‘वाचकाला शुद्धलेखनाचं काही पडलेलं नसतं.’ काहींना नसेल. पण ग्रंथालयाच्या खरेदी समितीत, पुरस्काराच्या परीक्षकांत आणि वर्तमानपत्रात परीक्षण लिहिणाऱ्यांत बसलेल्यांना असतं, आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्याला नेमकं तिथेच पोचायचं असतं. यावर जास्त लिहीत नाही.

सहावं: ‘चुका राहिल्या तर शुद्धिपत्र लावा, पुढच्या आवृत्तीत सुधारा.’ ई-बुकची फाइल बदलता येते, हे खरं. छापील पुस्तकाचं उदाहरण मी गोव्यातलंच देते. पणजीच्या चर्चसमोरची बाग ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. छपाईच्या चुकांनी तो इतका भरला की शेवटी सुमारे वीस पानांचं शुद्धिपत्र जोडावं लागलं. चारच वर्षांनी, १५६७ साली, क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिनमध्ये नेटका संक्षेप काढला, आणि युरोपने ऑर्ता वाचला तो मुख्यतः त्यातून. ऑर्ताला क्लुसियस भेटला. आपल्यातल्या किती जणांच्या पहिल्या आवृत्तीला असा माणूस भेटणार आहे? पाचशे प्रती काढणाऱ्याची दुसरी आवृत्ती बहुतेक वेळा निघतच नाही. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात प्रत पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणारा स्वतःच प्रकाशक असतो. तिथे जपून ठेवली जाईल ती पहिली, चुकांसकट आवृत्ती.

राहिला पैशांचा मुद्दा, जो सहाही कारणांच्या मुळाशी आहे. मावशीला पेन्शनमध्ये भागवायचं आहे, आणि तिची काळजी मला खोटी वाटत नाही. नातेवाइकांत वाटायची चाळीस पानांची घरगुती स्मरणिका असेल तर पूर्ण संपादन नाही केलं तरी चालेल. एकाने मुद्रितं नीट वाचली तरी पुरे. विक्रीचं, संदर्भाचं पुस्तक असेल तर हिशेब असा करा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे अर्ज स्वतः करता येतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. चार रंगांचं गुळगुळीत मुखपृष्ठ साधं करा. प्रकाशन समारंभाचा हॉल, शाली, नारळ, जेवण यांतलं काहीतरी कमी करा. पाचशे प्रतींचा आग्रह सोडून दोनशे छापा. डिजिटल छपाईत मागणीप्रमाणे पुढच्या प्रती काढता येतात. त्यातून जे उरेल ते संपादकाला द्या, आणि डीटीपी सुरू होण्याआधी द्या. पानं लागल्यावर वाक्यं बदलायला गेलात तर पानं पुन्हा लावण्याचे पैसे वेगळे पडतात.