‘किड’ म्हणजे फक्त करडू? नाही!

‘मुलांना किड्स म्हणू नका, किड म्हणजे शेळीचं करडू, हा लेकरांचा अपमान आहे’ असा मेसेज फिरतोय. तो वाचून कुणी प्रेमानं बोलताना अडखळू नये, म्हणून हा खुलासा. हा शब्द जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून, इंग्रजीत आला आणि मूळ अर्थ करडू, हे खरंच. पण मुलांसाठी तो सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे. आपणही लाडानं ‘पिल्लू’ म्हणतोच की! फरक फक्त सुराचा: घरात, मित्रांत ‘माय किड्स’ अगदी योग्य, अर्जात मात्र ‘चिल्ड्रन’ लिहावं. ‘ऑफस्प्रिंग’ (म्हणजे अपत्य, संतती) हा शब्द गप्पांत अवघडच वाटतो, तो जीवशास्त्राच्या पुस्तकात शोभतो. त्याला अनेकवचनातही ‘स’ लावायची गरज नाही: थ्री ऑफस्प्रिंग.