अंधार पण लागतो हो

साडेअकरा वाजून गेलेत, झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. लांब होणारे, आधीच सांगतो.

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं होतं की मागच्या खेळाच्या टर्फवाल्यांना कुणी ओळखत असेल तर फ्लडलाइटची तोंडं जरा खाली करायला सांगा, निम्मा उजेड आभाळात आणि उरलेला आमच्या परसात पडतोय, पोरं दुर्बीण बघायला जमलीत. त्यावर एका काकांचं उत्तर, "अंधारात कसले उद्योग करता, पोरांना अभ्यासाला बसवा." लगेच अंगठे. मग दुसऱ्याचं, "मोबाईलवर यापेक्षा भारी फोटो दिसतात की साहेब." त्याला तर अजून जास्त अंगठे. मी ग्रुपवर काही बोललो नाही, उगाच भांडण वाढतं. पण इथं आपली माणसं आहेत, इथं बोलतो.

आधी मावशींचं सांगतो, कारण माझा सगळा राग तिथूनच आहे.

आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगा चटणी देणाऱ्या एक मावशी आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, आधी विड्या वळायच्या, आता भाकऱ्यांचं काम करतात. मागच्या महिन्यात एकदा संध्याकाळी उशिरा भाकऱ्या घेऊन आल्या तेव्हा मी परसात दुर्बीण लावून बसलो होतो. सहा इंची आरशाची आहे, डॉब्सोनियन म्हणतात तसली, खाली फिरता डबा आणि वर जाड नळी, मोटर नाही, काही नाही, हातानं ढकलायची. मावशी दारातूनच म्हणाल्या, "काय करायलाव दादा अंधारात?" म्हटलं या, गुरू बघा. आधी नकोच म्हणाल्या, हाताला पीठ लागलंय म्हणाल्या, काही बिघडलं तर. शेवटी हात पाठीमागं धरून वाकल्या. एक डोळा मिटायला जमेना, बऱ्याच जणांना जमत नाही, तर त्यांनी पदर डोक्यावरून ओढून डाव्या डोळ्यावर धरला. आणि त्या पदरामुळं शेजारच्या दिव्याचा उजेडही आपोआप आडला. मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं ते. आता मी पण डोक्यावर काळा टॉवेल घेऊनच बघतो.

बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "पळतंय की ओ हे." मी सांगितलं, मावशी ते नाही पळत, आपणच फिरतोय, आपलं सोलापूर पृथ्वीबरोबर ताशी १६०० किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरतंय म्हणून तो गोळा नळीच्या बाहेर सरकतोय. त्यांनी एकदा पायाखालच्या फरशीकडं बघितलं आणि परत डोळा लावला. आणि मग विचारलं, "हे रोज असतंय व्हय हितं?"

रोज असतंय. हेच तर मला सांगायचंय लोकांना. रोज असतंय, फुकट असतंय, तिकीट नाही, रांग नाही, पाण्यासारखं चार दिवसाआड येत नाही. मावशींनी साठ-पासष्ट वर्षं या आभाळाखाली काढली आणि त्यांना हे कुणी दाखवलं नाही, आणि आता आत्ता कुठं बघायला लागल्या तर आपण त्यांच्या डोळ्यावर हॅलोजन मारणार.

आज त्या मुद्दाम नातवाला घेऊन आल्या होत्या हो. आज पाण्याचा दिवस होता, तरी घागरी हंडे भरून, सगळं आवरून, सिटी बसनं आल्या. सातवीतला पोरगा. त्याला घरी सांगून ठेवलेलं की गुरूजवळ चार ठिपके असतात, त्याचे मोठे चंद्र ते, रोज जागा बदलतात. आल्या आल्या त्यानं मला विचारलं, "आयो कुठला?" त्यातल्या एका चंद्राचं नाव पाठ करून आला होता. मी सांगितलं की आयो पावणेदोन दिवसात एक चक्कर मारतो, म्हणून आज डावीकडं दिसला तर उद्या उजवीकडं असेल. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये हेच ठिपके बघून वहीत चित्रं काढली आणि त्याच्याकडची दुर्बीण आपल्या या नळीपेक्षा कितीतरी लहान होती. पोरगा म्हणाला मला पण चित्र काढायचंय. दिला त्याला कागद. गोल काढला, ठिपके मांडले, वर तारीख घातली. २०२६ च्या या थंडीत गुरू मिथुन राशीत आहे, अंधार पडला की पूर्वेला सगळ्यात झळझळीत दिसतो तो, दुर्बीण नसली तरी बघा.

मग मी नळी मृगाकडं वळवली. बाणाचे तीन तारे सगळ्यांना माहीत असतात, आमची आजी तिकांडं म्हणायची, त्याच्या खाली एक फिकट पट्टा लोंबतो त्यात मृगाचा तेजोमेघ आहे. नवे तारे तयार व्हायची जागा ती. तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला १३०० वर्षांहून जास्त लागतात, म्हणजे तो निघाला तेव्हा बदामीला चालुक्यांचं राज्य होतं. डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, म्हणून मी पोरांचे मोबाईल आधीच गोळा केले होते, स्वयंपाकघरातला दिवा बंद, बायकोनं चटणी अंधारात भरली, खरं सांगतो. सगळी रांगेत उभी. पहिल्या दोघांना छान दिसला, पंख पसरल्यासारखा राखाडी ढग, मधे चार बारीक तारे दाटीनं. तिसरा नंबर मावशींच्या नातवाचा. त्यानं डोळा लावला आणि टर्फचे लाइट लागले.

संपलं सगळं. पांढराफट्ट उजेड भिंतीवर, नळीवर, पोरांच्या तोंडावर. पोरगा म्हणाला, "काका कायच नाही दिसत." मी काय सांगणार त्याला? १३०० वर्षं वाटेत असलेला उजेड आमच्या दारापर्यंत आला आणि शेवटच्या पन्नास फुटांत अडला.

आता कुणी म्हणेल गुरू तर दिसतो ना उजेडात पण. दिसतो, मान्य. गुरू, चंद्र, शनी हे शहरातूनही दिसतात, ते तेजस्वी आहेत. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्या बाजूला अगदी कडेनं वळली होती, त्यामुळं त्यानंतर बारीक रेघेसारखीच दिसत होती, पण दिसत होती. जे फिकट आहे, पसरलेलं आहे, तेजोमेघ, दीर्घिका, आपली आकाशगंगा, ते आधी जातं. आणि एकदा गेलं की लोकांना वाटतं ते नव्हतंच.

मोबाईलच्या फोटोवाल्यांना सांगतो. फोटो भारीच असतात, रंग असतात त्यात, दुर्बिणीतून ते रंग दिसत नाहीत, ठीक आहे. पण मावशींनी मोबाईलवर गुरूचा फोटो शंभर वेळा बघितला असता तरी खाली फरशीकडं बघितलं नसतं. त्या फरशीकडं बघण्यासाठी मी दुर्बीण घेतलीय. फोटोत पृथ्वी फिरताना कळत नाही. फोटो तुमच्या डोळ्यासमोरून सरकून जात नाही.

आणि अभ्यासाला बसवा म्हणणारे काका, हा अभ्यास नाही तर काय आहे? सहावी-सातवीच्या पुस्तकात ग्रह आहेत, गुरुत्वाकर्षण आहे, परिवलन आहे, पोरं ते पाठ करून मार्क घेतात आणि वर मान करून बघत नाहीत. जयंत नारळीकर २०२५ मध्ये गेले तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, मी पण ठेवला होता, तुम्ही पण ठेवला होता काका. त्या माणसानं आयुष्यभर मराठीत लिहून सांगितलं की आभाळाकडं बघा, भविष्यासाठी नको, विज्ञानासाठी बघा. मग एक पोरगा बघायला आला तर त्याला अंगठे दाखवायचे?

जरा चहा करून आलो. शांत होऊन लिहितो.

माझं टर्फशी भांडण नाही. पोरं खेळतात, घाम गाळतात, चांगलंय, मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसण्यापेक्षा कधीही चांगलं. रस्त्यावर दिवे हवेतच, शिफ्ट संपवून रात्री घरी येणाऱ्या बायकांना अंधारी गल्ली नको, त्यात दुमत नाही. पण दिवा रस्त्यावर पडू दे ना! आडवा मारलेला फ्लडलाइट तुमच्या डोळ्यात जातो आणि त्याच्या मागं कोण उभं आहे तेच दिसत नाही, ती काय सुरक्षितता? वर जाणारा उजेड कुणाच्या कामाचा आहे? ना बॅट्समनच्या, ना पक्ष्यांच्या. बिल मात्र त्याचं पण भरायचं. दिव्यावर झाकण बसवलं, तोंड सरळ खाली केलं तर कमी वॅटमध्ये पिच जास्त उजळेल. आणि तो निळसर पांढरा एलईडी घेण्यापेक्षा पिवळसर घेतला तर हवेत कमी पसरतो, निळा प्रकाश जास्त विखुरतो, दिवसा आभाळ निळं दिसतं ते त्याचमुळं. यात अवघड काय आहे?

आपल्याच महाराष्ट्रात झालंय हे. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेल्या जागेचा दर्जा मिळाला, देशातलं पहिलं. तिथं गावातले दिवे बदलून खाली तोंडाचे बसवले, गावं काही अंधारात गेली नाहीत. लडाखला हानले इथं पण असंच अंधार राखलेलं क्षेत्र आहे. मग सोलापूरला का नाही, निदान एखाद्या कॉलनीत? आपण पर्जन्यछायेत, ढग नाहीत म्हणून आयुष्यभर रडतो, कृत्रिम पावसाचे प्रयोग करायला शास्त्रज्ञ आपल्याकडं येतात इतकी आपली ख्याती. पण तेच कोरडं स्वच्छ आभाळ रात्री बघणाऱ्याला सोनं आहे. कोकणातला माणूस पावसाळाभर आभाळाला मुकतो, आपल्याला पावसाळ्यातही मधेच मोकळ्या रात्री मिळतात. शिवाय आपण एवढे दक्षिणेला की अगस्तीचा तारा आपल्याला क्षितिजाच्या चांगला वीसेक अंश वर दिसतो, लंडनच्या माणसाला तो जन्मात दिसत नाही. या दिवसांत साडेदहा-अकराला दक्षिणेकडं बघा, व्याधाच्या खाली, एकटा चमकत असतो. माझ्या दक्षिणेला आता टर्फ आहे.

लहानपणी आम्ही उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो. सोलापूरचा उन्हाळा, घरात झोपणं शक्यच नव्हतं, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, गारव्याला चादरी टाकायच्या. वडील पाठीवर पडून एकेक नक्षत्र दाखवायचे, सप्तर्षी, स्वाती, चित्रा, वृश्चिकाची नांगी. दुर्बीण नव्हती, गरजही वाटली नाही. आता एसी आले, गच्चीवर कुणी झोपत नाही, त्यात पण काही चूक नाही, ४४ डिग्रीत कुणी हौसेनं तापत नाही. पण त्या गच्चीवर जे मला आयतं मिळालं ते त्या नातवाला बसनं येऊन, रांगेत उभं राहून, तरी मिळू नये याचा मला त्रास होतो. खूप त्रास होतो. जाताना त्यानं त्याचा तो कागद मला दाखवला. एका बाजूला गुरू आणि ठिपके नीट काढलेले, मागच्या बाजूला वर "मृग" लिहून खाली रिकामं. मावशी म्हणाल्या, "राहू द्या दादा, परत येतो की." तीन वेळा म्हणाल्या. त्यांनाच माझी समजूत काढावी लागली.

तर आता कामाचं. उद्या सकाळी दहाला मी टर्फच्या माणसाला भेटायला जाणार आहे. भांडायला नाही. झाकणाचं चित्र काढलंय, एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारा माझा मित्र आहे, तो बनवून देतो म्हणालाय, पहिल्या दोन दिव्यांचा खर्च माझा. खेळाचा उजेड कमी झाला तर काढून टाका असं सांगणार आहे. एकट्यानं गेलो तर वेडा समजतील, दोघं-चौघं आलात तर बरं होईल, कॉलनीतले असलात तर फारच बरं.

आणि येत्या शनिवारी दुर्बीण नान्नजच्या पुढं एका मित्राच्या शेतावर नेतोय, तिथल्या माळढोक अभयारण्यात नाही, बाहेर, त्याच्या वस्तीवर. मावशी आणि नातू येणार आहेत, त्यांना मी गाडीत घेतो. गाडीत अजून दोघांची जागा आहे. बाकीच्यांनी आपापल्या गाड्या आणा, सहाला निघू. थंडी आहे, पोरांना स्वेटर, कानटोपी घाला. टॉर्च आणलीत तर काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबरानं लावून आणा, लाल उजेडानं डोळ्याचा सराव मोडत नाही. शेतात पोचलं की हेडलाइट बंद. जेवण मावशींकडून येणारे, भाकरी, चटणी, पिठलं, त्याचे पैसे त्यांना आधी द्यायचेत, म्हणून कोण कोण येणार ते शुक्रवार दुपारपर्यंत खाली लिहा, किती माणसं ते पण लिहा.